वकिलाची डायरी आणि नाटकाची तारीख



इयत्ता चौथीला दरवर्षी मी ‘माझा दिवस’ हा पाठ घेते. सकाळी किती वाजता उठलो, शाळा किती तास, खेळ किती, झोप किती, असं मुलांकडून लिहून घ्यायचं आणि शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरात २४ हा आकडा काढायचा. मग माझं ठरलेलं वाक्य यायचं : “मोठमोठ्या माणसांकडेसुद्धा दिवसाचे चोवीसच तास होते बरं का!” डी.एड.ला असताना पाठटाचणात हे वाक्य लिहिलं होतं, तेच आजपर्यंत चालू होतं. यंदा ते वाक्य माझ्याच अंगावर आलं. त्याची ही हकिगत आणि त्यातून तयार झालेला पाठ, असं दोन्ही इथे लिहिते आहे. पाठ कुणाला वापरावासा वाटला तर जरूर वापरा.

आधी हकिगत.

आमची शाळा अवसरी खुर्दच्या परिसरात. पालकांत शेतकरी जास्त, काही जण मंचरला दुकानात, बाजार समितीत, काही चाकणच्या कंपन्यांत. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई वकील आहे. घोडेगावच्या कोर्टात तिचं काम असतं, अधूनमधून राजगुरुनगरला जावं लागतं. घरी सासूबाई, नवरा शेती आणि दूध बघतो. बाई पालक सभेला क्वचित दिसायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही सभा ठेवली, त्या दिवशीही त्या नव्हत्या. मुलीला विचारलं, “आई कुठंय गं?” ती आनंदाने म्हणाली, “आई नाटकाला गेली चिंचवडला!”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “सभेला वेळ नाही म्हणतात, नाटकाला बरा वेळ मिळतो.” दोन-चार आया हसल्या. मुलगी व्हरांड्यातच होती. तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं, पण तेव्हा सभा चालू करायची घाई होती.

सोमवारी ती माझ्याकडे बघेना. मंगळवारी संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळी आई आली. अंगावर कोर्टातला पांढरा ड्रेस तसाच, काळा कोट हातावर. मला वाटलं आता भांडण. तिने भांडण केलं नाही. पिशवीतून डायरी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वकिलाची डायरी जवळून बघितली नसेल. मीही नव्हती. दिवसाला एक पान. पानावर रकाने : मागची तारीख, दाव्याचा नंबर, पक्षकारांची नावं, आज काय व्हायचंय आणि शेवटच्या रकान्यात पुढची तारीख. आज काय व्हायचंय त्या रकान्यात ‘साक्ष’, ‘उलटतपास’, ‘युक्तिवाद’ असे एकेका शब्दाचे शेरे. कोर्टात पुकारा झाला, पुढची तारीख पडली की ती आजच्या पानावर शेवटी लिहायची आणि लगेच त्या पुढच्या पानावर जाऊन तो दावा तिथे मांडायचा. म्हणजे आजचं पान भरताना पुढचं कुठलं तरी पान आपोआप भरत जातं. एखादी तारीख मांडायची राहिली आणि वकील हजर नसला तर अशिलाचं नुकसान. म्हणून ही डायरी वकील जिवासारखी जपतात.

तिने अशिलांच्या नावांवर तळहात ठेवून मला शनिवारचं पान दाखवलं. कोर्टाला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी असते, त्यामुळे दाव्यांचे रकाने मोकळे होते. मधोमध त्याच निळ्या पेनाने लिहिलं होतं, ‘नाटक, दु. १२.३०, चिंचवड’. आणि हे लिहिलं होतं महिनाभर आधी. आमच्या सभेचा निरोप ग्रुपवर आला गुरुवारी. म्हणजे दोन दिवस आधी.

ती म्हणाली, “मॅडम, सभा आधी कळली असती तर मी नाटकाची तारीख बदलली असती. पण डायरीत तारीख पडली की माझ्यासाठी ती पडली. तसं केलं नाही तर माझं आयुष्यात एकही नाटक होणार नाही.”

मी माफी मागितली. तिची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलीचीही. पण बोलता बोलता ती जे सांगत गेली ते माझ्या डोक्यात राहिलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तिचं काम म्हणजे वाटपाचे दावे, बांधाचे आणि रस्त्याचे वाद, पोटगी, अपघाताचे दावे. कोर्ट अकराला बसतं, पण काम त्याच्या आधी आणि नंतर जास्त असतं. रात्री स्वयंपाक झाल्यावर फाईल उघडायची. नाटकाच्या आठवड्यात मंगळवार-बुधवार रात्री दीडपर्यंत बसून लेखी युक्तिवाद संपवला, तेव्हा शनिवार मोकळा झाला. सोबत तीन मैत्रिणी, कॉलेजपासूनच्या. चौघींत एक गाडी. प्रयोग मुद्दाम दुपारचा घेतात. रात्रीचा साडेनऊचा प्रयोग संपवून चाकणच्या कोंडीतून गावात यायचं म्हणजे मध्यरात्र उलटते, आणि फाट्यापासून आतला रस्ता दोन्ही बाजूंनी उसाचा. आपल्याकडे बिबट्या म्हणजे काही पेपरातली बातमी नाही, रोजची गोष्ट आहे. तेव्हा नाटक कोणतं बघायचं हे नंतर, आधी किती वाजताचा प्रयोग आहे हे बघायचं. कधी भोसरीला अंकुशराव लांडगे नाट्यगृहात प्रयोग लागला तर बरं पडतं, मंचरपासून साधारण ४५ किलोमीटर आणि पुण्याच्या गर्दीत शिरावं लागत नाही.

मी विचारलं, “आणि माणसांत मिसळणं? लग्नंकार्यं?” ती हसली. म्हणाली, “ते तर कामाचाच भाग झालंय.” आपल्या भागातली मंडळी हे लगेच समजतील. आंबेगाव-जुन्नरला लग्न, साखरपुडा, वास्तुशांती आणि दशक्रिया ही सार्वजनिक कामं असतात. दशक्रियेला घाटावर शे-दोनशे माणसं, वर श्रद्धांजलीची भाषणं. अशिलाच्या घरी दशक्रिया असेल आणि वकीलबाई दिसल्या नाहीत तर ते लक्षात ठेवलं जातं. सकाळी सातला घाटावर जायचं, तिथून तसंच कोर्टात. “लोकांना भेटते मी रोज शंभर, पण त्यातलं माझं कोण? माझ्या त्या तिघी. त्यांना वर्षातून चार वेळा भेटायचं ठरवलंय. गेल्या वर्षी चार तारखा लिहिल्या, दोनच झाल्या.”

चारांतल्या दोन. हा हिशोब मला फार खरा वाटला. आपण मुलांना वेळापत्रक शिकवतो तेव्हा ते शंभर टक्के पाळलं जाईल असंच गृहीत धरतो. कोण पाळतं हो? मी स्वतः या वर्षी व्यायामाचं वेळापत्रक जूनमध्ये केलं आणि जुलैत फाडलं.

आता पाठ. मला मुलांना हे सांगायचं होतं की कामाच्या माणसाने नाटक बघणं ही चैन नाही आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट तर मुळीच नाही. त्या मुलीसमोर हे सांगणं माझ्यावर कर्ज होतं. पण तिच्याच आईचं उदाहरण वर्गात घेणं बरं दिसलं नसतं. मग आठवलं की आपल्या मराठी रंगभूमीच्या इतिहासात वकील जागोजागी बसलेले आहेत.

पहिले अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे, म्हणजे दादासाहेब खापर्डे. जन्म १८५४, निधन १९३८. वकिलीची पदवी १८८४ ची. काही वर्षं सरकारी नोकरी केली आणि मग अमरावतीला स्वतःची वकिली सुरू केली. ती इतकी चालली की त्यांच्या राहणीमुळे लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणत. लोकमान्य टिळकांचे जवळचे सहकारी. १८९७ साली काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. एवढ्या व्यापात नाटकाचं वेड असं की १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्य संमेलन भरलं, त्याचं अध्यक्षपद या वकिलाकडे आलं. नटाकडे नाही, नाटककाराकडेही नाही. प्रेक्षकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाकडे.

आणि गंमत म्हणजे खापर्डे यांचीही डायरी आहे! कोर्टाची वेगळी असेल, ही रोजनिशी. इंग्रजीत, वर्षानुवर्षं लिहिलेली. आज ती दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १९११-१२ च्या हिवाळ्यात ते शिर्डीला राहिले, तेव्हाच्या नोंदी ‘शिर्डी डायरी’ म्हणून छापल्या गेल्या आहेत आणि साईभक्तांना माहीत असतात. सकाळी किती लवकर उठलो, प्रार्थना केली, कोण कोण भेटायला आलं, कुणाशी गप्पा मारत बसलो, अशा साध्या नोंदी. गप्पा मारत बसलो, हीसुद्धा लिहून ठेवण्याजोगी गोष्ट आहे असं त्या माणसाला वाटत होतं. आपण आपल्या दिवसाचा हिशोब लिहिला तर गप्पांचा वेळ ‘वाया’ या रकान्यात टाकू.

दुसरे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. जन्म १८७१, नागपूरचा. ‘बहु असोत सुंदर’ हे महाराष्ट्र गीत त्यांचं, त्यामुळे मुलांना नाव लगेच ओळखीचं वाटतं. शिक्षण अकोल्याला आणि पुण्यात डेक्कन कॉलेजात. पुण्यात असताना नाटकांची गोडी लागली ती सुटलीच नाही. त्यांचं ‘वीरतनय’ हे नाटक किर्लोस्कर मंडळीने १८९६ साली रंगभूमीवर आणलं आणि वकिलीची परीक्षा ते पास झाले १८९७ साली. म्हणजे वकील होण्याआधीच नाटककार. पुढे अकोला, खामगाव आणि शेवटी सातपुड्याच्या पायथ्याचं जळगाव जामोद, असा वकिलीचा प्रवास. लक्षात घ्या, पुण्या-मुंबईकडे यायचं सोडून माणूस लहान गावाकडे गेला. तिथे राहून नाटकं लिहिली, ‘सुदाम्याचे पोहे’ नावाचे विनोदी लेख लिहिले, ज्योतिर्गणितावर ग्रंथ लिहिला. १९२७ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानत.

‘सुदाम्याचे पोहे’ शिक्षकांनी तरी मिळवून वाचावं. त्यात सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या असे तीन मित्र आहेत, आणि सगळा विनोद त्यांच्या एकत्र असण्यातून निघतो. दिवसभर अशिलांची भांडणं ऐकणाऱ्या माणसाने रात्री कागदावर तीन मित्र बसवले, असं मला ते वाचताना वाटत राहतं.

तिसरं नाव नरसिंह चिंतामण केळकर, पण त्यांचं उदाहरण जरा वेगळं. १८९४ साली वकील झाले, साताऱ्याला वकिली केली आणि दोनच वर्षांत ती सोडून टिळकांच्या मदतीला पुण्यात आले, ते ‘केसरी’चेच झाले. ‘तोतयाचे बंड’ हे नाटक नंतरचं. म्हणजे यांनी वकिली आणि नाटक एकत्र सांभाळलं असं म्हणता येत नाही. त्यांनी एक सोडलं. मुलांना हेही सांगितलं, कारण सोडणं हासुद्धा एक मार्ग असतो.

वकीलच इतके का, असं कुणी विचारेल. मला दिसतं ते असं. त्या काळी नाटक कंपन्या गावोगाव मुक्काम करत फिरायच्या. रेल्वे झाल्यावर अमरावती, अकोला, खामगाव ही गावं त्यांच्या वाटेवर आली. कंपनी आली की रात्र रात्र नाटक चालायचं. जिल्ह्याच्या गावी शिकलेला, बऱ्यापैकी पैसा बाळगून असलेला आणि संध्याकाळी मोकळा होऊ शकणारा वर्ग कोणता? वकील. शिवाय धंदाच बोलण्याचा. कोणत्या शब्दाला ऐकणाऱ्याचा चेहरा कसा बदलतो हे दोन्ही ठिकाणी बघावं लागतं. नाटक प्रेक्षकाला ते शिकवतं का, हे मला सांगता येणार नाही, पण आमच्या वकीलबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “उलटतपासात कधी थांबायचं हे मी कोर्टापेक्षा नाट्यगृहात जास्त शिकले.”

तर हे सगळं मी वर्गात रंगवून सांगितलं. खापर्डे यांचा फेटा, बग्गी, अमरावतीचा वाडा, घरी येणारी-जाणारी माणसं, रात्रीचं नाटक, सकाळी पुन्हा कोर्ट. (बग्गी माझी भर, मुलांना आवडते.) आणि मग आलं माझं वाक्य, “त्यांच्याकडेही चोवीसच तास होते बरं का!”

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. वकीलबाईंची मुलगी नव्हे, दुसरीच, जिची आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. म्हणाली, “बाई, मग त्यांच्या भाकरी कोण करायचं?”

वर्ग हसला. मी नाही हसले.

कारण प्रश्न बरोबर होता. खापर्डे यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. वाड्यावर पंगती उठत असतील तर त्या कुणीतरी रांधल्या असतील. नोकरचाकर, आचारी असतील, पण घर चालवणारी बाई एक असते. त्यांच्या दिवसाची रोजनिशी आपल्या हातात नाही. खापर्डे यांचे चोवीस तास मी फळ्यावर मांडले, तेव्हा त्यात दुसऱ्या कुणाचे तरी बरेच तास मिसळलेले होते, आणि मी ते वजा केले नव्हते. बारा वर्षं हा पाठ घेते आहे. चौथीतल्या मुलीने एका वाक्यात त्यातली चूक दाखवली.

त्या दिवशी पाठ तिथेच थांबवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतला तो असा :

चौकटीच्या वहीचा कागद घ्यायचा. २४ चौकटींची एक आडवी पट्टी कापायची. एक चौकट म्हणजे एक तास. प्रत्येक मुलाने दोन पट्ट्या करायच्या. एक स्वतःची, दुसरी घरातल्या कुणा मोठ्या माणसाची, त्या माणसाला विचारून. झोप निळी, काम लाल, घरकाम पिवळं, माणसांत घालवलेला वेळ हिरवा, आणि स्वतःच्या आवडीचं जे काही असेल ते केशरी. महत्त्वाची सूचना अशी की आपल्यासाठी दुसरं कुणी काम करत असेल तर त्या चौकटीखाली पेन्सिलने त्याचं नाव लिहायचं. मी शाळेत सहा तास बसतो, तर डबा कुणी केला? नाव लिही. बाबा रात्री बाराला उसाला पाणी द्यायला जातात, तेव्हा त्यांच्यासाठी चहा करून कोण देतं? नाव लिही.

रंगांत कुणीच भांडू नये म्हणून मी आधीच सांगितलं होतं की यात चूक-बरोबर काही नाही. तरी एक मुलगा रडकुंडीला आला. “बाई, आईच्या पट्टीत केशरी चौकटच येत नाही.” म्हटलं, नसेल तर नको भरू. तो म्हणाला, “मग पट्टी चांगली नाही दिसत.” शेवटी त्याने घरी जाऊन आईला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “देवळात हरिपाठाला बसते ते लिही.” म्हणजे अर्धा तास निघाला. त्याने अर्धी चौकट केशरी केली, कात्रीने अगदी मधोमध रेघ पाडून.

बहुतेक पट्ट्यांवर पेन्सिलने ‘आई’ आणि ‘आजी’ हीच नावं फिरून फिरून आली. वकीलबाईंच्या मुलीने आईची पट्टी आणली. त्यात लाल आणि पिवळं भरपूर, निळं कमी. पण तिने शनिवारची वेगळी पट्टी केली होती, आणि त्या पट्टीत सलग सहा चौकटी केशरी-हिरव्या, कारण मैत्रिणी आणि नाटक एकाच वेळी, मग रंग कोणता द्यायचा म्हणून दोन्ही. त्याखाली पेन्सिलने लिहिलं होतं, ‘बाबा (खिचडी), आजी (मला अभ्यास)’. ती पट्टी आता वर्गाच्या भिंतीवर आहे. तिनेच लावली.

मोठ्यांसाठी एक सुचवते. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट पाहिला नसेल तर पाहा. २०१४ चा, राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला. एका लोकशाहीरावर खटला चालतो ती मुख्य गोष्ट, पण दिग्दर्शक कोर्ट सुटल्यावर वकिलांच्या मागे मागे त्यांच्या घरी जातो. सरकारी वकील नूतन, ही भूमिका गीतांजली कुलकर्णी यांनी केली आहे. दिवसभर कोर्टात बोलून ती लोकलने निघते, पाळणाघरातून मुलाला घेते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते, सगळे जेवतात आणि मग ती फाईल उघडते. सुट्टीच्या दिवशी घरची सगळी मिळून मराठी नाटकाला जातात. बचाव पक्षाच्या वकिलाचाही फावला वेळ दाखवलाय, पण तो एकटा राहणारा, पैसेवाला, गाडीत गाणी ऐकत दुकानात जाणारा, मित्रांबरोबर बाहेर बसणारा. त्याच्या भाकरी कोण करतं हा प्रश्न त्या घरात पडतच नाही. एकच कोर्ट, एकच खटला, आणि दोन वकिलांच्या संध्याकाळी इतक्या वेगळ्या.

त्यात आणखी एक बोचरी गोष्ट आहे. नूतन जे नाटक बघते ते परप्रांतीयांवर विनोद करणारं, आणि सगळं नाट्यगृह खदखदून हसत असतं. नाटकाला गेलं म्हणजे माणूस आपोआप शहाणा होतो असं नाही, हे दिग्दर्शक न बोलता दाखवतो. मी वर नाटकाची बाजू एवढी घेतली, म्हणून हेही सांगायला हवं. चित्रपट चौथीच्या मुलांसाठी नाही. आपल्यासाठी आहे.

पाठाला जोडून शिक्षकांना करता येईल असं : ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण. पण बहुतेक वेळा तो दिवाळीच्या आसपास येतो आणि शाळेत राहून जातो. मी यंदा तो सुट्टीनंतर घेणार आहे. मुलांना त्यांनी पाहिलेल्या कोणत्याही खेळाबद्दल सांगायला लावायचं : गावच्या यात्रेतला तमाशा, कीर्तन, भारूड, शाळेच्या गॅदरिंगमधली नाटिका, काहीही. नारायणगाव इतकं जवळ की हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडलेल्या मुलांनी बसमधून पाहिलेल्या असतात. त्यांच्यापैकी कितीजणींच्या आया-आज्यांनी तमाशा बसून पाहिला आहे, हेही विचारा. उत्तर तुम्हाला माहीत आहे, तरी विचारा. आपल्या भागात खेळाचा शौकीन म्हटलं की पुरुषच डोळ्यापुढे येतो, आणि नाटकाला गेलेल्या बाईला सभेत टोमणा बसतो. तो मारणारी मी होते.

पालकांसाठी एक गोष्ट. सभेची तारीख आम्ही आता पंधरा दिवस आधी कळवतो, आणि महिन्याच्या कुठल्या शनिवारी ठेवायची ते विचारून ठरवतो. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी, पण कंपनीत जाणाऱ्यांची साप्ताहिक सुट्टी वेगळी, आणि ज्यांच्याकडे मजूर असतात त्यांना शनिवारी मजुरी वाटायची असते. सगळ्यांना जमेल असा वार सापडला नाही. दोन सभा घेतो, निम्मे पालक एकीला, निम्मे दुसरीला. आमचं काम वाढलं, पण आलेल्यांची संख्याही वाढली.

वकीलबाई गेल्या सभेला आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, “मॅडम, पुढच्या महिन्यात भोसरीला प्रयोग आहे, गाडीत एक जागा आहे.” मी नेहमीप्रमाणे “बघू, जमलं तर” म्हणणार होते. त्यांनी डायरी उघडून पेन पुढे केला.

तारीख मी माझ्याही डायरीत लिहिली आहे. त्या पानावर खाली पेन्सिलने कुणाचं नाव लिहायचं, यावर आमच्या घरी सध्या चर्चा चालू आहे. नवरा म्हणतो, खिचडी त्यालाही येते.